लॅमिनेटेड धनुष्याचे ग्लू-अप: दाब सारखा न बसण्यामागच्या या चुका टाळा

लॅमिनेटेड धनुष्य म्हणजे लाकूड आणि फायबरग्लासच्या पातळ पट्ट्या धनुष्याच्या आकाराच्या साच्यावर, म्हणजे फॉर्मवर, गोंदाने चिकटवून केलेले धनुष्य. हे चिकटवणे म्हणजे ग्लू-अप. लिम्ब, म्हणजे धनुष्याचा वाकणारा हात, मधूनच सुटला की पहिला आरोप गोंदावर होतो. प्रत्यक्षात डबा बदलून फारसा फरक पडत नाही. कारण बहुतेक वेळा गोंद ठीक असतो, दाब पट्टीच्या सगळ्या भागांपर्यंत पोचलेला नसतो. इपॉक्सीला, म्हणजे दोन भाग कालवून जमणाऱ्या या गोंदाला, प्रचंड दाब लागतही नाही. पट्ट्या एकमेकींना पूर्ण टेकल्या पाहिजेत आणि गोंद घट्ट होईपर्यंत टेकूनच राहिल्या पाहिजेत.

क्लॅम्प भरपूर, पण दाब ठिपक्यांचा

सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा C आकाराचा शिकंजा) थेट पातळ फळीवर लावला की त्याच्या पायाखाली गोंद पूर्ण निघून जातो आणि दोन क्लॅम्पच्या मध्ये जाड राहतो. दाब क्लॅम्पखालून साधारण ४५ अंशांत पसरतो. म्हणजे वरची दाबफळी २५ मिमी जाड असेल तर क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना जेमतेम २५-२५ मिमीपर्यंत तो पोचतो, आणि क्लॅम्प ५० मिमी अंतराने लावावे लागतात. १५० सेमी धनुष्याला असे तीस क्लॅम्प झाले. फळी १० मिमीची वापरली तर पन्नास क्लॅम्पही पुरत नाहीत.

अडचण अशी की २५ मिमीची सलग फळी वळणावर वाकत नाही. म्हणून सागाचे किंवा बाभळीचे ४५ ते ५० मिमी लांबीचे ठोकळे करा, प्रत्येकावर एक क्लॅम्प. ठोकळ्यांखाली १ मिमी अॅल्युमिनियमची सलग पट्टी आणि तिच्याखाली ३ मिमी रबर शीट. ठोकळ्यांमधल्या फटी ही पट्टी भरून काढते, रबर बारीक उंचसखलपणा खाते. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे भागातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे अशी पट्टी हव्या त्या रुंदीत कापून मिळू शकते. ती फॉर्मच्या रुंदीइतकीच घ्या. अरुंद घेतली तर कडा कोरड्या राहतात.

आता किती आवळायचे? एका ठोकळ्याच्या वाट्याला ४५ × ५० मिमी जागा आली, तर ४ बार दाबाला साधारण ९० किलोचा जोर लागतो. चार इंची सी-क्लॅम्प बोटांनी घट्ट करून वर अर्धा फेरा दिला की तेवढा येतो. दांडीला पाइप घालून आवळणे हा शुद्ध अतिउत्साह आहे. त्याने गोंद बाहेर पडतो, सांधा उपाशी राहतो आणि फॉर्मला खड्डे पडतात. मधून सुरुवात करून टोकांकडे जा, तीन फेऱ्यांत थोडे-थोडे आवळा. टोके आधी आवळली तर मधला गोंद आणि हवा आतच अडकतात.

ट्यूबच्या रबरावर भरवसा

सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळणे स्वस्त पडते, म्हणून नवखे बरेचदा तिथूनच सुरुवात करतात. पण ताणलेले रबर सपाट जागेवर दाब देतच नाही, ते फक्त जिथे वळते तिथे, म्हणजे दोन्ही कडांवर दाबते. परिणामी कडेला गोंद सुंदर ओघळलेला दिसतो आणि लिम्बची मधली रेषा पोकळ राहते. रिकर्व्हच्या (टोके उलटी वळलेल्या धनुष्याच्या) आतल्या वळणावर तर रबर पुलासारखे वरच्या वर तरंगते. रबरच वापरायचे तर वर किंचित फुगीर, म्हणजे मध्यभागी २-३ मिमी उंच फळी ठेवा. वेढेही सगळीकडे सारखेच द्या, कारण प्रत्येक वेढ्याने दाब वाढत जातो.

होज, पण चुकीच्या मापाचा

दोन तुकड्यांचा फॉर्म आणि मध्ये हवा भरलेला होज (लवचीक नळी) ही सर्वांत सरस पद्धत. तरी इथे एक हिशेब हमखास चुकतो. ३८ मिमी व्यासाच्या होजचा परीघ सुमारे ११९ मिमी. फॉर्मच्या दोन भागांत होजसाठी १० मिमी जागा ठेवली तर तो ४४ मिमी रुंद टेकतो. तीच जागा २० मिमी झाली की तो गोल होऊ लागतो आणि टेकण्याची रुंदी २८ मिमीवर येते. ४५ मिमीच्या लिम्बच्या दोन्ही कडा मग उघड्याच! प्रेशर गेज ६० पीएसआय (सुमारे ४ बार) दाखवत असतो आणि कडा सुटलेल्या असतात.

सोसायट्यांमधून भंगारात येणारा आगीचा होज बहुधा ६३ मिमीचा असतो. चपटा केल्यावर तो जवळजवळ १०० मिमी रुंद होतो, अरुंद फॉर्मच्या दोन्ही बाजूंनी बाहेर फुगतो आणि तिथेच फाटतो. शेतीपंपाचा पीव्हीसी लेफ्लॅट (चपटा गुंडाळता येणारा) होज, गोंद जमवण्यासाठी फॉर्म ज्या गरम पेटीत ठेवतात तिथे मऊ पडतो. आतून रबर, बाहेरून कापड अशा बांधणीचा ३८ मिमीचा नवा होज घ्या.

४ बार दाबाला १५० सेमी × ४५ मिमी जागेवर जोर येतो पावणेतीन टन. त्यामुळे फॉर्मचा वरचा भाग कमी उंचीचा असेल तर मधे वाकतो आणि दाब ढिला पडतो. त्याची उंची कुठेही १०० मिमीपेक्षा कमी नको. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावून १२ मिमीचे बोल्ट दर १५ सेमीला घ्या. हवा भरताना फॉर्मच्या टोकासमोर उभे राहू नका. बंद होज ३० वरून ६० अंशांपर्यंत तापला की ६० पीएसआयचे सुमारे ६७ होतात, तेव्हा आधीच थोडी कमी हवा भरा.

पट्ट्या सरकणे, फॉर्म तिरका असणे

ओला गोंद म्हणजे निसरडी जमीन. पट्ट्यांच्या जादा ठेवलेल्या टोकांत, कामाच्या भागाबाहेर, खिळे मारून त्या जागेवर धरा आणि सगळ्यांवर मध्यरेषा आखून घ्या. एकाच कडेने गोंद बाहेर येत असेल तर गुण्या लावून फॉर्म तपासा. माथा बाजूला काटकोनात नसला की लिम्ब पिळतो, आणि तो पीळ नंतर घासून काढणे जिकिरीचे असते.

राइझरची, म्हणजे मधल्या मुठीच्या ठोकळ्याची, उतरती धार जाडच सोडणे ही वेगळीच खोड. ती ०.३ मिमीपर्यंत, कागदासारखी गेली पाहिजे. १ मिमी जाड राहिली तर काचेची (फायबरग्लासची) पट्टी तिथून उडी मारते, त्रिकोणी पोकळी उरते आणि धनुष्य नेमके तिथे मोडते.

गोंद आणि हवा

तीन सांध्यांच्या धनुष्याला सुमारे ४० मिली गोंद जागेवर राहतो. ओघळ आणि वाया जाणारा धरून ९०-१०० ग्रॅम कालवा. अराल्डाइट एडब्ल्यू १०६ आणि एचव्ही ९५३ वजनाने १००:८० घ्यायचे, काट्यावर. मे महिन्यात वाटीत खोल ठेवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने लवकर जमते, तेव्हा ते पसरट ट्रेमध्ये ओता. पाच मिनिटांत जमणारे इपॉक्सी इथे नको. फेव्हिकॉलही नको. तो पाणी सोडून सुकतो आणि काचेच्या पट्टीतून पाणी जात नाही.

ठाण्याच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेले लाकूड १६-१७ टक्के ओलावा धरते. बल्बच्या पेटीत ठेवा, रोज वजन करा. वजन उतरायचे थांबले की मग चिकटवा. सागावर तेल असते, अॅसिटोनने पुसा आणि नंतर बोट लावू नका. बांबूची बाहेरची गुळगुळीत साल तासून टाका.

आधी कोरडी तालीम

गोंद न लावता सगळे बांधा, पट्ट्यांमध्ये पांढरा कागद आणि कार्बन पेपर ठेवून. कार्बनचा ठसा जिथे फिकट, तिथे दाब नाही. ही अर्ध्या तासाची चाचणी शंभर ग्रॅम इपॉक्सी आणि काचेच्या दोन पट्ट्या वाचवते.

गोंद जमल्यावर फॉर्म पूर्ण थंड होऊ द्या, मगच सोडा. पारदर्शक काचेमागून टॉर्च मारा, पांढुरके डाग म्हणजे हवा. काळ्या काचेवर नाणे टिचकवा, आवाज बद्द आला तर आत पोकळी आहे. सुटलेल्या सांध्यात गोंदाला बुडबुड्यांची खरबरीत साय असेल तर तिथे दाब पोचलाच नव्हता. गोंद एका बाजूला काचेसारखा चकचकीत सुटला असेल तर तेल किंवा मेण राहिले होते. पट्ट्या टेकलेल्या असूनही सांधा कोरडा दिसला तर जास्त आवळलेय. कडेची केसाएवढी फट पातळ सुपरग्लूने भरते. लिम्बच्या वाकणाऱ्या भागात मधोमध पोकळी असेल तर त्याला दोरी चढवू नका, कापून आत बघा आणि फॉर्मवर ती जागा खुणेने नोंदवा.