पेशीच्या आत लपलेल्या एमआरएसएवर एन्झाइमची चाचणी: घट खरी की फसवी?

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा त्याचा प्रकार म्हणजे एमआरएसए) मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींमध्ये, आणि हाडांच्या पेशींमध्ये शिरून तग धरतो. तिथे बरीच प्रतिजैविकं पुरेशी पोहोचत नाहीत, आणि पोहोचलेल्यांपैकी काही लायसोसोमच्या (पेशीतल्या पचनपिशवीच्या) आम्लात मंदावतात. लायसोस्टॅफिन हे एन्झाइम किंवा फाजचं (जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूचं) एंडोलायसिन जिवाणूची भिंतच तोडतं, त्यामुळे मेथिसिलिन-प्रतिकाराचा त्याच्यापुढे उपयोग नाही. पण ही मोठी प्रथिनं, आपण होऊन पेशीत फारशी शिरत नाहीत. म्हणून त्यांना टॅटसारखं पेशीभेदी पेप्टाइड (पेशीत शिरू शकणारा प्रथिनाचा छोटा तुकडा) जोडतात. असं जोडलेलं एन्झाइम खरोखर आत जाऊन मारतं का, हे तपासायची ही पद्धत. जैवसुरक्षा पातळी २ ची प्रयोगशाळा हवी.

पेशींना हात लावण्याआधी एन्झाइम आम्लात टिकतं का ते बघा. जिवाणूंचं मिश्रण पीएच ७.४ आणि पीएच ५ अशा दोन बफरमध्ये घेऊन एन्झाइम टाका आणि ६०० नॅनोमीटरवर गढूळपणा किती उतरतो ते अर्धा तास मोजा; जिवाणू फुटले की तो उतरतो. लायसोस्टॅफिनला साधारण ७.५ पीएच मानवतो. पीएच ५ ला रेषा सपाट राहिली, तर पुढचा खटाटोप बहुधा वाया जाईल.

२४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला २ लाख पेशी आदल्या दिवशी लावा. माध्यमात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नको. दर पेशीमागे १० जिवाणू, म्हणजे वेलला २० लाख टाका. गढूळपणावरून काढलेला हा आकडा प्लेटिंग करून, म्हणजे जिवाणू प्लेटवर वाढवून त्यांच्या वसाहती मोजून, पडताळून घ्या. ३७ अंशांवर एक तास ठेवा, पीबीएसने (फॉस्फेट बफर असलेल्या खारट द्रावणाने) तीनदा धुवा, मग १०० मायक्रोग्रॅम/मिलि जेंटामायसिन तासभर द्या. त्याने बाहेरचे जिवाणू मरतात. मात्र बरेच एमआरएसए जेंटामायसिनलाही दाद देत नाहीत, तेव्हा तुमच्या स्ट्रेनचा एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) आधी काढा.

आता १ ते २ टक्के सीरम असलेल्या माध्यमात १०, २५ आणि ५० मायक्रोग्रॅम/मिलि एन्झाइम द्या आणि ४ व २४ तासांनी पेशी फोडून आतले जिवंत जिवाणू मोजा. बाहेर वाढ होऊ नये म्हणून थोडं जेंटामायसिन सगळ्याच वेलमध्ये ठेवा, एन्झाइम नसलेल्यांतही. जास्त ठेवलं तर २४ तासांत तेच पेशीत साठून जिवाणू मारू लागतं.

सगळ्यात जास्त फसगत पेशी फोडताना होते. टॅटवर धनभार असतो, त्यामुळे एन्झाइम पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून बसतं. ०.१ टक्के ट्रायटन या डिटर्जंटने पेशी फुटली की आतले जिवंत जिवाणू थेट त्याच एन्झाइममध्ये येतात आणि तिथे मरतात. वसाहती कमी दिसतात, पण पेशीच्या आत काहीच घडलेलं नसतं. म्हणून पीबीएसमध्ये ०.१ मिग्रॅ/मिलि हेपरिन घालून दोनदा धुवा आणि फोडण्याच्या द्रावणात १० मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) ठेवा. लायसोस्टॅफिनला जस्त लागतं, एलवायएसके नावाच्या एंडोलायसिनच्या सीएचएपी या भिंत तोडणाऱ्या भागाला कॅल्शियम. ईडीटीए दोन्ही हिरावून घेतं. तेवढ्यावर विसंबू नका. एन्झाइम न दिलेल्या काही वेलमध्ये शेवटची पाच मिनिटं तेवढंच एन्झाइम टाका, बाकीच्यांसारखंच धुवा आणि फोडा. इथल्या वसाहती एन्झाइम नसलेल्या वेलइतक्याच आल्या पाहिजेत. कमी आल्या, तर प्लेटवरचा कुठलाच आकडा धरू नका.

दुसरी फसवी घट पेशीच मेल्याने येते: त्यातून सुटलेले जिवाणू बाहेरचं जेंटामायसिन मारतं. दर वेळी वरच्या द्रवातलं एलडीएच (मेलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) मोजा. ई. कोलायमध्ये बनवलेल्या एन्झाइमसोबत एंडोटॉक्सिन (ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातलं विष) येतं आणि त्याने चेतवलेले मॅक्रोफेज स्वतःच जिवाणू मारू लागतात. उकळलेलं एन्झाइम हा यावर कच्चा कंट्रोल आहे, कारण एंडोटॉक्सिन उष्णतेला टिकलं तरी प्रथिन साकळतं. सक्रिय जागा बिघडवलेला, त्याच पद्धतीने शुद्ध केलेला म्युटंट वापरा. सोबत टॅट नसलेलं एन्झाइमही हवंच.

द्रव दहा-दहा पट विरळ करत प्लेटवर लावा. २४ तासांनी मोजून प्लेटी टाकून देऊ नका: पेशीत राहिलेले काही जिवाणू टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, हळू वाढणाऱ्या वसाहती देतात. त्या ४८ ते ७२ तासांनी दिसतात, आणि त्या वेगळ्या मोजून नोंदवायच्या.