एसीच्या खोलीच्या फटी बुजवायच्यात? आधी गोडं पाणी आणि फडकं काढा

आधीच सांगतो, हे आख्ख्या घरासाठी नाही. कौलारू घर सील करायच्या फंदात पडू नका, कौलांमधून हवा खेळणारच आणि ती खेळायलाच हवी, नाहीतर एसी नसलेल्या खोल्यांत मे महिन्यात उकडून निघाल. हे फक्त त्या एका एसीच्या खोलीसाठी, वर स्लॅब किंवा धड सीलिंग असेल तर. एसी नुसती हवा गार करत नाही, हवेतलं पाणीही काढतो, मागच्या पाईपातून टपकतं ते हेच, आणि फटीफटीतून समुद्रावरची दमट हवा आत येतच राहिली की तो रात्रभर पाणीच काढत बसतो आणि मीटर पळतं. बीईईने (केंद्र सरकारची वीज वाचवण्याचं काम बघणारी संस्था) 1 जानेवारी 2020 पासून नव्या एसीचं डिफॉल्ट 24 अंशांवर आणलंय ते बरोबरच आहे, पण फटींच्या खोलीत 24 वर अंग चिकचिकतं आणि मग कोणीतरी रिमोट घेऊन 20 करतं.

वेळ: शिमगा झाला की, पाऊस लागायच्या आत. चिऱ्याची भिंत एकदा भिजली की दिवाळीपर्यंत विसरा, ओल्यावर काही चिकटत नाही. आणि मेमधे चाकरमानी घरात असताना तर नकोच, दार दिवसभर उघडंच.

सामान: फोमच्या पट्ट्या, दाराखालची ब्रश पट्टी, टेप, कटर, सिलिकॉन आणि त्याची गन. सिलिकॉन घेताना दुकानदाराला न्यूट्रल क्युअर सांगा. व्हिनेगरसारखा वास मारतो तो सिमेंटवर नीट धरत नाही आणि धातू खातो, आपल्याकडे गंजायला आधीच काय कमी आहे. आतल्या बाजूला रंग मारायचा असेल तर अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्या, सिलिकॉनवर रंग बसत नाही.

आता मुख्य. बादलीभर गोडं पाणी आणि स्वच्छ सुती फडकी, तीन-चार तरी. हसू नका. चौकटीवर, खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमवर खाऱ्या वाऱ्याने मिठाचा थर बसलेला असतो, दिसत नाही पण बोट फिरवून जिभेला लावून बघा. मीठ ओल धरतं, वर लावलेला गोंद खालून सुटतो. मागल्या वर्षी मी नुसतं स्पिरिटने पुसून पट्ट्या लावल्या, गणपतीपर्यंत सगळ्या लोंबत होत्या. स्पिरिटने तेलकटपणा जातो, मीठ जात नाही, मीठ पाण्यातच विरघळतं. म्हणून क्रम असा: आधी गोड्या पाण्याने पुसा, फडकं पिळून परत पुसा, दुसऱ्या पाण्याने आणखी एकदा, मग कोरड्या फडक्याने, मग पूर्ण वाळू द्या, आणि त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (मोबाईल रिपेअरवाल्याकडे असतं). आणि गोडं म्हणजे गोडंच. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तेच मीठ परत फासताय, त्यापेक्षा नळाचं आणा.

फटी शोधायला उदबत्ती. पंखा बंद, खिडक्या बंद, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू, आणि धूर कुठे आडवा होतो ते बघत कडेकडेने फिरा, पडदे बाजूला करून. पश्चिमेच्या खिडक्या दुपारी वारा सुटला की तपासा. जिथे धूर हलेल तिथे खडूने खूण. खूण केली ना, मग पुसलंत का? गोड्या पाण्याने?

दार: तीन फुटी दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे 18 चौरस इंच, भिंतीत चार बाय साडेचारचं भोक पाडून ठेवल्यासारखंच. तिथे ब्रश पट्टी. पण बाजूच्या फटी एप्रिलमधे मोजून घट्ट पट्टी लावाल तर जुलैमधे लाकूड फुगतं आणि दार लागतच नाही, मग सुतार येऊन रंधा मारून जातो आणि थंडीत फट डबल. मऊ दबणारी पट्टी घ्या, एक साईज पातळ.

स्लायडिंग खिडकीचे झिजलेले ब्रश बदला, पण खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची छोटी भोकं बुजवू नका, प्लीज. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो ट्रॅकमधे तुंबला की थेट गादीवर.

एसीच्या पाईपचं भोक तर बहुतेक घरांत तसंच उघडं असतं, पाली-मुंग्यांचा हायवे. तिथे स्प्रेच्या डब्यातला फोम भरा (पट्ट्यांचा नव्हे), ग्लोव्हज घालून, हाताला लागला की दिवसेंदिवस निघत नाही. ड्रेनचा पाईप दाबू नका, उतार बाहेरच्या बाजूला हवा. बाहेर दिसणाऱ्या फोमवर सिमेंट किंवा रंग, उन्हाने त्याचा भुगा होतो. भोकाची कड आधी गोड्या पाण्याने, कळलं.

स्वयंपाकघराला हात लावायचा नाही. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, जमिनीलगतची जाळी उघडीच हवी. खोलीला लागून गॅस गिझरचं बाथरूम असेल तर तिथली हवा अजिबात बंद करू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणसं गेलीयेत त्याने.

स्विचबोर्डमधून वारा येत असेल तर इलेक्ट्रिशियन, स्वतः फोम मारू नका. सिलिकॉनला एक दिवस द्या. परत उदबत्ती. सकाळी थोडा वेळ खिडकी उघडत जा. उरलेल्या ट्यूबच्या तोंडात स्क्रू घालून ठेवा, नाहीतर टाकूनच द्यावी लागते.