ग्रॅव्हल बाईक निवडताना आणि सेट करताना या चुका टाळा

ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या रस्त्यांवरही चालणारी रुंद टायरची सायकल, घेतल्यावर पहिल्या चार-पाच राइडमध्ये माझे हात मनगटापासून बधिर व्हायचे. आधी जाड हँडल टेप गुंडाळली, मग जेलचे ग्लव्ह्ज घेतले, मग स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) एक सेंटीमीटरने आखूड केला. उपयोग झाला तो शेवटी फुकटच्या उपायाचा: टायरमधली हवा सोडली. ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून मी खडीवर फिरत होतो. ते ३३ वर आणलं आणि हात शांत झाले. आखूड स्टेम मात्र पुढच्या महिन्यात परत काढावा लागला, कारण आता वळणांवर हँडल फारच चटकन फिरत होतं.

या सायकलींच्या बहुतेक तक्रारींची गत अशीच असते. दुखणं एकीकडे आणि पैसे जातात भलतीकडेच. म्हणून मी एकच हिशेब धरतो: जे नंतर बदलता येत नाही ते घेतानाच नीट बघायचं, आणि जे बदलता येतं त्यात आधी फुकटचे उपाय संपवायचे.

घेताना होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर्षातून एकदा करायच्या स्वारीसाठी सायकल निवडणं. ‘ग्रॅव्हल’ हा शब्दच मुळात फसवा आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये २००६ पासून होणारी २०० मैलांची शर्यत (आजचं नाव अनबाउंड) गारगोटीच्या धारदार दगडांवरून जाते. तिथे टायर फाटणार हे गृहीत धरूनच लोक उतरतात. २०२२ मध्ये इटलीतल्या व्हेनेतो भागात पहिली जागतिक ग्रॅव्हल स्पर्धा झाली, तिचा मार्ग त्या मानाने सपाट आणि वेगवान होता. दोन्ही ग्रॅव्हलच. तेव्हा कोणता शर्यतपटू काय वापरतो ते राहू द्या. आपल्या मागच्या दहा राइड आठवा आणि त्यातले किती तास डांबरावर गेले ते कागदावर लिहा. दहातले आठ तास डांबर असेल, तर ३५ ते ३८ मिमीचे, मधोमध गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असलेले टायर पुरतात. निम्मा वेळ सुट्या दगडांवर जात असेल, तर ४५ च्या खाली बघू नका.

टायर बदलता येतात, फ्रेममधली जागा नाही. म्हणून किती रुंद टायर बसतो हा आकडा खरेदीआधी विचाराच, आणि तो आकडा म्हणजे शेवटची हद्द आहे हेही लक्षात ठेवा. टायरवर ४० लिहिलेलं असलं, तरी आतून २५ मिमी रुंद असलेल्या रिमवर तोच टायर कॅलिपरने मोजल्यावर ४१-४२ भरू शकतो. दोन्ही बाजूंना निदान पाच मिमी जागा मोकळी हवी, नाहीतर ओला चिखल अडकून फ्रेमचा रंग खरवडून काढतो. जागा तपासायची ती पेडलच्या मागे, जिथे दोन्ही चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) एकमेकांजवळ येतात तिथे. पुढच्या फोर्कमध्ये बोट घालून ‘भरपूर आहे की’ म्हणण्यात अर्थ नाही.

६५०बी चाकांचा (नेहमीच्या ७००सी मापापेक्षा लहान) मोह होणाऱ्यांसाठी एक छोटं गणित. ६५०बीच्या रिमचा व्यास ५८४ मिमी, ७००सीचा ६२२. ६५०बीवर ४७ चा टायर घातला की चाकाचा एकूण व्यास साधारण ६७८ होतो, म्हणजे ७००सीवर २८ चा टायर असावा तितकाच. रुंदी मिळते, पण ७००सीच्या ४० टायरच्या तुलनेत पेडल १२ मिमी खाली येतात. मग खोल चाकोरीत आणि मोठ्या दगडांवर पेडल आपटायला लागतात, आणि माणूस दोष देतो क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांडीला.

साइज निवडताना ‘मला मिडियम लागते’ हे वाक्य विसरा. एका कंपनीची मिडियम दुसऱ्या कंपनीच्या लार्जएवढी असू शकते. तुलना करायची ती स्टॅक आणि रीच या दोन आकड्यांची. पेडलच्या मधल्या अक्षापासून हेड ट्यूबचं (हँडलखालच्या पुढच्या नळीचं) वरचं टोक किती उंच आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. आत्ताची कुठलीही सायकल अंगाला बसत असेल तर तिचे हे आकडे शोधा आणि ते समोर ठेवून नवी बघा. फ्रेमवर दोन्ही पाय टेकवून उभं राहता येतं, एवढ्यावर ‘बसली’ म्हणणं पुरेसं नाही.

गिअरचा विचार वरच्या टोकाकडून करणारे बरेच भेटतात. उतारावर पेडल रिकामं फिरलं तर फारसं बिघडत नाही. खडीच्या चढावर गिअर संपला तर उतरून ढकलावं लागतं, कारण सुट्या दगडांवर उभं राहून जोर लावला की मागचं चाक घसरतं. पुढे ४० दात, मागे सगळ्यात मोठी ४२ ची चक्ती, मिनिटाला ६० फेरे: सायकल ताशी साडेसात किलोमीटरने चालते. त्याहून हळू जायचं तर पाय अडखळायला लागतात. पुढे ३० आणि मागे ३४ असलेल्या दोन चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चक्त्यांच्या) सायकलवर त्याच फेऱ्यांना वेग सातपर्यंत उतरतो. आकडा किरकोळ दिसतो, पण सामान बांधून लांब चढ चढताना तो गुडघ्यांना कळतो. एक चेनरिंग की दोन या वादात मी पडत नाही. एकात कटकट कमी, दोनात गिअरमधली अंतरं लहान. डांबरावर गटाने जाणाऱ्याला दुसरं सोयीचं पडतं, एवढंच.

हवेचा दाब

इथे थोडं रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. टायरच्या कडेला छापलेला कमाल दाब ही मर्यादा आहे, तेवढा भरा असं कोणी सांगितलेलं नाही. ७५ किलोच्या आसपास वजनाच्या माणसाने ४० मिमीच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरला पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआयपासून सुरुवात करावी. आत ट्यूब असेल तर चार-पाच जास्त, कारण कमी हवेत दगडावर आपटलं की ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. मागे पिशव्या बांधल्या तर मागच्या चाकात आणखी दोन-तीन.

तिथून पुढे एकच ओळखीचा रस्ता धरा, ज्यात थोडं डांबर, थोडी खडी आणि एखादं वळण आहे. दर फेरीला दोन पीएसआय कमी करत जा. हवा जास्त असेल तर सायकल खडीवर उड्या मारते आणि चढावर मागचं चाक गरगर फिरतं. फार कमी झाली तर डांबरी वळणावर टायर अंगाखालून सरकल्यासारखा वाटतो, आणि एखाद्या दगडावर रिमचा ‘ठण्ण’ आवाज येतो. तो आवाज आला की तीन पीएसआय वाढवा आणि तो आकडा लिहून ठेवा. बोटाने दाबून बघणं सोडून द्या. मोठ्या पंपाच्या काट्यावरही फार विसंबू नका. १६० पर्यंत आकडे असलेल्या तबकडीवर ३० आणि ३५ मधला फरक केसाएवढा दिसतो. कमी दाबाचा वेगळा गेज ठेवा.

डांबरासाठी बारीक टायरची दुसरी जोडी ठेवणाऱ्यांनी रिम हुकलेस (टायरचा काठ अडकवणारी आतली कड नसलेली) आहे का ते बघून घ्यावं. अशा रिमची मर्यादा सहसा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते आणि तिच्यावर ट्यूबलेसचेच टायर चालतात. २८ च्या टायरवर वजनदार माणूस त्या मर्यादेच्या सहज जवळ पोहोचतो.

ट्यूबलेसची हवा उतरते तेव्हा

पहिली चूक म्हणजे उद्या पहाटे मोठी राइड आणि आज रात्री ट्यूबलेस करायला बसणं. नव्या टायरला हवा धरायला एक-दोन दिवस लागतात. हवा उतरत असेल तर लगेच आणखी सीलंट (टायरमधली भोकं बुजवणारा द्रव) ओतू नका, आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते बघा. स्पोकच्या मुळाशी आले, तर रिमची टेप सुटली आहे किंवा अरुंद आहे आणि सीलंटने ते काम भागणार नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी आले तर नट घट्ट करा, पण हातानेच. पकडीने आवळलेला नट रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली की बोटांनी सुटत नाही. टायरच्या काठाशी बारीक फेस दिसत असेल तर चाक आडवं ठेवा, तासाभराने उलटवा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

४० च्या टायरला ६० ते ९० मिली सीलंट लागतं आणि ते दोन-चार महिन्यांत सुकतं, उन्हाळ्यात लवकर. चाक कानाशी धरून हलवा. आत द्रव डुचमळल्याचा आवाज आला नाही तर ते संपलं आहे. पंप मारूनही हवा जात नसेल तर व्हॉल्व्हच्या कोअरमध्ये (आतल्या सुट्या होणाऱ्या भागात) सीलंट गोठलेलं असतं. कोअर काढून साफ करा किंवा नवा घाला.

सोबत एक ट्यूब असू द्या. आणि ती घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा, कारण महिनोन्‌महिने सीलंटने बुजवलेले काटे तिथे जागच्या जागी असतात. मी एकदा घाईत ट्यूब घातली आणि दोनशे मीटरवर पुन्हा चाक बसलं. मग झाडाखाली बसून टायरमधून सात काटे उपसले.

बसण्याची ठेवण

सीटची उंची आधी. टाच पेडलवर, पेडल तळाला, पाय सरळ. डांबरावर चालणाऱ्या उंचीपेक्षा तीन-चार मिमी खाली चालतं, खडबडीत रस्त्यावर कंबर मोकळी राहते. सीटचं नाक खाली झुकवू नका. तसं केलं की माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातांवर येतो. हात बधिर होण्याचं दाबानंतरचं दुसरं कारण मला हेच सापडलं आहे.

स्टेमखालच्या चकत्या काढून स्टीअरर ट्यूब (फोर्कची वर येणारी नळी, जिच्यावर स्टेम बसतो) कापायची घाई तर मुळीच नको. कापलेली नळी परत जोडता येत नाही. चकत्या खालच्या वर करा, महिनाभर चालवा, मग ठरवा. स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरचे असतात, आकडा बहुतेक स्टेमवरच छापलेला असतो. ‘हाताला घट्ट लागला’ हे माप कार्बनच्या हँडलला महागात पडतं.

ब्रेक आणि गिअरचे आवाज

नवे डिस्क ब्रेक पकडत नाहीत म्हणून लगेच पॅड बदलणारे आहेत. आधी ते बसवून घ्या: मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा दमदार ब्रेक लावा. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, पॅड मिटून बसतात. आणि चेनवर तेलाचा स्प्रे मारताना मागच्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) फडकं टाका. पॅडने तेल प्यायलं की मग किंचाळणं थांबत नाही.

गिअर अडखळायला लागले की सगळे केबलच्या ॲडजस्टरला हात घालतात. मीही एक अख्खी संध्याकाळ तो अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे करत बसलो होतो. मधले गिअर जुळले की वरचे बिघडत, वरचे जुळले की खालचे. शेवटी सायकलच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसलो, तर डिरेल्युअरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) पिंजरा चक्तीला समांतर नव्हता, स्पोककडे किंचित झुकलेला होता. दोन दिवसांपूर्वी भिंतीला टेकवलेली सायकल उजव्या अंगावर पडली होती. डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, वाकला होता, केबलचा त्यात काहीच दोष नव्हता. हा हँगर मऊ धातूचा मुद्दाम केलेला असतो, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. अलीकडच्या बऱ्याच फ्रेमना एकच सामायिक नमुना चालतो, पण जुन्या फ्रेमचा आकार ज्याचा त्याचा. माझ्या फ्रेमचा दुसरा मिळायला अकरा दिवस लागले. आता सीटखालच्या पिशवीत ट्यूबशेजारी एक जास्तीचा हँगर कागदात गुंडाळून ठेवलेला असतो.