जपानी कुटुंबाच्या विस्थापनाचा वर्ग कसा घ्यावा

बडोद्यातील मराठी मुलांसाठी सुटीत इतिहासवर्ग घेताना, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील जपानी वंशाची कुटुंबे घराबाहेर काढून छावण्यांत ठेवली गेली हा विषय पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावरील जपानी हवाई हल्ल्यापासून सुरू करू नये. मुले मग तासभर विमानांतच रमतात. सुरुवात वळकटीपासून करावी.

चादर, घोंगडी, कपडे आणि माणशी ताट, वाटी, पेला, चमचा एवढेच सामान जमिनीवर मांडावे. गादी ठेवू नये, कारण १९४२ च्या लष्करी सूचनापत्रकात ती वगळलेली होती. पाळीव प्राण्यांनाही मनाई होती आणि बाकीचे सामान कुटुंबाला स्वतः उचलता येईल तेवढेच नेता येत होते. वळकटीला सुतळीने चिठ्ठी बांधून तिच्यावर केवळ एक क्रमांक लिहावा, कारण प्रत्येक कुटुंबाला असा क्रमांक मिळे आणि तशीच चिठ्ठी माणसांच्या कोटालाही अडकवली जाई. माझ्या वर्गात एका मुलीने विचारले, "ताटे आहेत, मग कढई का नाही?" हा प्रश्न कोणी विचारला नाही, तर आपण विचारावा. छावणीत घरचा स्वयंपाक नव्हता. शेकडो माणसे सामाईक भोजनगृहात रांगेने जेवत आणि मुले आईवडिलांना सोडून मित्रांच्या टेबलावर बसू लागली.

यानंतरच तारखा सांगाव्यात. या लोकांना हलवण्याचा अधिकार लष्कराला देणारा अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा ९०६६ क्रमांकाचा आदेश १९ फेब्रुवारी १९४२ चा. सिअॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर २४ मार्चला घरे सोडण्याची सूचना लागली आणि ३० मार्चला कुटुंबे बोटीत बसली. एकूण सुमारे १,२०,००० लोक उठवले गेले. त्यांतील दोनतृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते, तर त्यांच्या स्थलांतरित आईवडिलांना कायद्याने नागरिकत्वच मिळू शकत नव्हते. कॅलिफोर्नियातील सांता अनिता येथे घोडदौडीच्या मैदानावरील तबेल्यांत अनेकांना महिनोन्महिने राहावे लागले.

शब्दांबाबत मात्र काटेकोर असावे. सरकारी कागदांत या प्रकाराला लोकांना सुरक्षित स्थळी हलवल्यासारखे नाव होते. आपण ‘सक्तीचे विस्थापन’ आणि ‘स्थानबद्धता’ म्हणावे. नुसते ‘विस्थापित’ म्हटले, तर इथल्या मुलांच्या डोळ्यांपुढे नर्मदेचे धरणग्रस्त येतात. ते समजण्यासारखे आहे, पण धरणग्रस्तांना वंशावरून निवडलेले नव्हते, हा फरक तिथल्या तिथे सांगावा.

शेवटची दहा मिनिटे भारताच्या नकाशासाठी राखावीत. सिंगापूर आणि मलायातून पकडलेल्या जपानी नागरिकांना ब्रिटिशांनी आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आणि नंतर राजस्थानातील देवळीत ठेवले होते. दिल्लीच्या गाडीतून मुलांनी कोटा स्थानक पाहिलेले असते; तिथून बुंदीमार्गे देवळीपर्यंतची रेघ त्यांनाच ओढू द्यावी.