एअरबॅगची लाइट लागलेली गाडी आली की काय करायचं

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल करून नवीन कामाला लागलेली पोरं एअरबॅगच्या कामाला हात लावायला बिचकतात, पण हे काम आता टाळून चालणार नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग कंपल्सरी झाली, मग पुढच्या पॅसेंजरची पण झाली, त्यामुळे लाइट लागलेल्या गाड्या येतच राहणार.

आधी लाइट नीट बघा. इग्निशन ऑन केल्यावर लाइट काही सेकंद लागून विझली पाहिजे, तशीच राहिली तर फॉल्ट आहे, आणि मुळात लागतच नसेल तर जास्त संशय घ्या. मग स्कॅनर, पण स्वस्तातला इंजिनचे कोड (फॉल्टचे नंबर) वाचणारा बहुतेक वेळा इथे उपयोगाचा नाही, एसआरएस म्हणजे एअरबॅग सिस्टीम वाचणाराच लागतो. कोड कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही, तो फक्त कुठल्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स जास्त किंवा कमी आहे एवढंच सांगतो. हे डोक्यात बसवा, नाहीतर गिऱ्हाइकाला उगाच हजारोंची एअरबॅग घ्यायला लावाल.

पावसाळ्यात माझ्याकडे जास्त येणारी केस म्हणजे सीटखालचा पिवळा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. कार्पेटखाली पाणी मुरतं, कपलर उघडला की पिनांवर हिरवट थर दिसतो, आणि कोड येतो सीटबेल्ट प्रिटेन्शनरचा, म्हणजे अपघातात पट्टा झटक्यात आवळणाऱ्या पार्टचा. व्हॅक्यूम मारताना सीट पुढेमागे ओढली तरी तो ढिला होतो. लाइटसोबत हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं पण गेली असतील तर बाकी काही शोधत बसू नका, आधी स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग बघा, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगपर्यंत करंट नेणारी गुंडाळलेली पट्टी, ती तुटलेली असते. नवीन बसवताना चाकं सरळ ठेवा आणि स्प्रिंग सेंटर करून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी फिरेल अशी मधोमध आणा, नाहीतर पहिल्याच फुल टर्नला ती पण तुटेल.

आता जीवाशी खेळ असलेला भाग. कपलर काढायच्या आधी इग्निशन बंद, बॅटरीची मायनस काढा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलाय तेवढा वेळ थांबा, गाडीप्रमाणे 1-2 मिनिटांपासून 10 मिनिटांपर्यंत असतो, कारण बॅटरी काढली तरी मॉड्यूलच्या (एअरबॅग चालवणाऱ्या कंट्रोल बॉक्सच्या) कपॅसिटरमध्ये एअरबॅग फोडण्याइतका चार्ज राहतो. एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर कधीही लावायचा नाही, मीटरच्या करंटने पण ती फुटू शकते. तिच्या जागी साधारण 2 ओहमचा डमी लोड, म्हणजे एअरबॅगइतकाच रेझिस्टन्स असलेला रेझिस्टर लावा. कोड गेला तर फॉल्ट एअरबॅगमध्ये, राहिला तर वायरिंग, क्लॉक स्प्रिंग नाहीतर मॉड्यूल. काढलेली एअरबॅग उचलताना कव्हर अंगापासून लांब, टेबलवर ठेवताना कव्हर वर.

तो डमी लोड फक्त टेस्टिंगपुरता, हे मी प्रत्येक नव्या पोराला परत परत सांगतो. अपघातात एअरबॅग फुटलेल्या सेकंडहँड गाडीत रेझिस्टर घालून लाइट विझवून विकणारे आहेत, पुढच्या अपघातात आत बसलेल्या माणसासमोर काहीच उघडणार नाही. असं काम मालकाने सांगितलं तरी सरळ नाही म्हणा.

सगळं जोडून झालं की पहिल्यांदा चावी फिरवताना गाडीत कोणी बसलेलं नको, एअरबॅगसमोरून स्वतःही बाजूला राहा. कोड क्लिअर करा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, सीट पुढेमागे सरकवा आणि परत एकदा स्कॅन मारूनच गाडी द्या.