नागपूरच्या परसात फॅन्सी कोंबड्या: जात कशी निवडावी

फोटोतली ब्राह्मा जातीची कोंबडी कोणालाही भुरळ घालेल. पण नागपुरात जात ठरवायची ती मे महिना डोळ्यांसमोर ठेवूनच. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून आणि तुऱ्यातून, चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीतून अंगातली उष्णता बाहेर टाकते.

म्हणून आधी यादीतली नावं खोडा. ब्राह्मा आणि कोचीन अंगाने भारी, पिसांनी दाट. भर उन्हाळ्यात त्यांच्यासाठी कूलर लावायची तयारी नसेल तर त्या घेऊच नका, जीव हकनाक जातो.

मग पावसाळ्याचा विचार करा. सिल्कीची पिसं कापसासारखी मऊ, त्यामुळे पाणी निथळून जात नाही, ती चिंब भिजते. पॉलिश जातीच्या कोंबडीचा डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर येतो, मागून काय येतंय ते तिला दिसत नाही. मांजर-मुंगूस फिरत असेल तर दोघींना जाळीबंद, छपराचं खुराडं हवंच. तरी सिल्कीच्या एक-दोन माद्या जरूर ठेवा. ती वरचेवर खुडूक बसते आणि दुसऱ्या कोंबडीची अंडीही मायेने उबवते.

माझी पहिली पसंती फ्रिझलला. तिची पिसं उलटी वळलेली, त्यामुळे अंगाला हवा लागते. जोडी लावताना मात्र एक पक्षी साध्या पिसांचा घ्या. दोन्ही फ्रिझल असतील तर काही पिल्लांची पिसं ठिसूळ निघतात, गळून अंग उघडं पडतं. सेब्राइट छोटी आणि फार देखणी, पण तिची पैदास कठीण. झाबुआचा कडकनाथ तर आपल्या हवेतलाच, आणि उन्हात त्याच्या काळ्या पिसांवर हिरवी झाक चमकते.

खुराड्यात प्रत्येक पक्ष्यामागे निदान चार चौरस फूट जागा धरा. शेजार भिंतीला भिंत लागून असेल तर कोंबडा नकोच, अंडी त्याच्याविनाही मिळतात.

खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा, म्हणजे उन्हाळ्याआधी पक्षी रुळतो. घेताना तो हातात उचला. डोळे कोरडे नि टपोरे, शेपटीखालची पिसं स्वच्छ हवीत. पायांवर पिसं असतील तर ती बाजूला सारून खवले बघा. ते उचललेले, खरबरीत दिसले तर गोचिडासारखे किडे आत आहेत. राणीखेत रोगाची लस कधी दिली, ते विचारा. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे नवा पक्षी जुन्यांपासून लांब ठेवा आणि त्याचं भांडंही वेगळं ठेवा.