जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार कशी ओळखावी आणि तिच्यातले मूळ भाग कोणते, हे कसं ठरवावं

हेडस्टॉकवरच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या वरच्या टोकावरच्या, नावावरून सुरुवात करू नका. साठ-सत्तरच्या दशकातल्या जपानी गिटारींवर छापलेलं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्याचं नव्हे. माट्सुमोतो शहरातल्या माट्सुमोकु कारखान्यातून जवळपास सारख्याच गिटारी आरिया, युनिव्हॉक्स, लाइल अशा निरनिराळ्या नावांनी बाहेर पडल्या. टेइस्को या जपानी कंपनीच्या गिटारी अमेरिकेत टेइस्को डेल रे म्हणून विकल्या गेल्या, किंग्स्टन म्हणूनही. त्यामुळे ‘या नावाची गिटार चांगली का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. आधी कारखाना शोधा.

बाहेरून पाहून अर्धं काम होतं. रेघारेघांचा धातूचा पिकगार्ड (तारांखालचं संरक्षक पान), प्रत्येक पिकअपला (तारेच्या कंपनाचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाला) स्वतंत्र बटण, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) लगेच पुढे झीरो फ्रेट म्हणजे जादा फ्रेट, चार खुंट्या वर आणि दोन खाली असा हेडस्टॉक, यातलं बरंचसं एकत्र दिसलं तर साठच्या दशकातल्या उत्तरार्धातली टेइस्को समजून पुढे चला. १९६७ मध्ये ही कंपनी कावाईने घेतली, त्यामुळे त्यानंतरच्या गिटारींत दोन्हींच्या खुणा मिसळलेल्या सापडतात. गिब्सन किंवा फेंडर या अमेरिकी कंपन्यांच्या गिटारींची हुबेहूब नक्कल असेल तर काळ सत्तरचा, आणि संशयित दोनच: माट्सुमोकु नाहीतर त्याच शहरातलं फुजिगेन. बाकीचे कारखाने नंतर तपासा.

नंबरावर लोक फार विसंबतात. आयबानेझवर तो उपयोगी आहे. १९७५ पासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत आधी एक इंग्रजी अक्षर आणि मग सहा आकडे येतात. ‘ए’ ते ‘एल’ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे म्हणजे साल. ‘एच ७७’ने सुरू होणारा नंबर ऑगस्ट १९७७ चा. ‘जेव्ही’ने सुरू होणाऱ्या नंबराची स्क्वायर (फेंडरचाच ब्रँड) १९८२ ते ८४ मधली. पण साठच्या दशकातल्या स्वस्त गिटारींवर एक तर नंबर नसतो, किंवा नेक (मान) जोडणाऱ्या मागच्या पत्र्यावर असतो आणि त्याचा अर्थ लावता येत नाही. तो पत्रा चार स्क्रूंवर बसतो आणि दोन मिनिटांत बदलता येतो. पत्र्यावरच्या आकड्यावरून साल सांगणाऱ्याचं मनावर घेऊ नका.

विक्रेता ‘लॉसूट गिटार’ (खटल्यातली गिटार) म्हणाला तर त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. १९७७ मध्ये गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिनने दावा केला तो आयबानेझच्या अमेरिकेतल्या एल्गर कंपनीवर, आणि वाद हेडस्टॉकच्या आकाराचा होता. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. बाकी कुठल्याही जपानी नकलेला ते बिरुद लावणं म्हणजे निव्वळ भाव वाढवणं.

आता गिटार उघडा. तारा सैल करा, पिकगार्ड आणि मागची झाकणं काढा, बोल्टची असेल तर नेकही काढा. यात एकच ताकीद: जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरला नीट बसत नाही. मशीन स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो जपानी मापाचा, त्याला जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) टोकच वापरा. साधं टोक घसरतं, फुली गोल होते, आणि पन्नास वर्षं टिकलेला मूळ स्क्रू तुमच्या हातून जातो. नेक ज्या खाचेत बसते तिथले शिक्के आणि पेन्सिलीच्या खुणा यांचे फोटो काढून ठेवा. काहीही पुसू नका.

खरा प्रश्न इथून सुरू होतो: आतली वायरिंग आणि पिकअप मूळचे आहेत का? माझा सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यात गेला, कारण यावरचे बहुतेक सल्ले एका खुणेवर निकाल देतात. ‘सोल्डर मळकं दिसतंय, म्हणजे मूळचं.’ हे चूक आहे. १९८५ मध्ये केलेली दुरुस्तीही आज मळकीच दिसते. सोल्डरचा रंग बघू नका, जोडणाऱ्याचा हात बघा. कारखान्यात एकाच प्रकारची वायर, एकाच पद्धतीने वळवून, सगळीकडे साधारण सारख्या थेंबाने जोडलेली असते. एखाद्याच जोडावर गोळा जमलेला, शेजारी वायरीचं वेष्टन वितळलेलं, किंवा मधूनच निराळ्या रंगाची वायर आलेली दिसली, तर तिथे कोणीतरी नंतर काम केलं आहे. उष्णतेने आवळणारी नळी दिसली तर ते काम नंतरचंच.

मग पॉट, म्हणजे नॉबखालचा आवाज-टोन कमीजास्त करणारा भाग, पाहा. अमेरिकी पॉटच्या पाठीवर सात आकड्यांचा कोड असतो: १३७६६१२ म्हणजे सीटीएस कंपनी, १९६६ सालचा बारावा आठवडा. जपानी पॉटवर ही पद्धत नसते, त्यामुळे साठच्या दशकातल्या टेइस्कोत असा कोड सापडला तर पॉट बदललेला आहे. फेंडर जपानच्या १९८२ नंतरच्या वरच्या मॉडेलना मात्र हा नियम लावू नका, काहींत अमेरिकी भाग कारखान्यातूनच बसवलेले होते. कोड वाचता येत नसेल तर दांड्यावरचे दाते मोजा. जपानी पॉटला सहसा १८ असतात, अमेरिकीला २४. भोकही मोजा: जपानी पॉटला सात-आठ मिलिमीटर पुरतात, मोठ्या अमेरिकी पॉटला साडेनऊ लागतात. भोक कानशीने वाढवलेलं असेल तर नंतर कोणी जुना जपानी पॉट परत बसवला तरी ते लपत नाही. म्हणूनच मी सुट्या भागाआधी लाकूड तपासतो.

पिकअपच्या बाबतीत तर हे पक्कं धरून चाला. अमेरिकी गिटारवादक राय कूडरने आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये टेइस्कोचा गोल्ड फॉइल पिकअप बसवल्यापासून या पिकअपना स्वतंत्र बाजार आला. पिकअप काढून विकायचे आणि रिकाम्या गिटारीत दुसरे बसवायचे, असा व्यवहार चालतो. ‘गोल्ड फॉइल’ हे दिसण्याचं वर्णन आहे. टेइस्कोचे वेगळे, ग्वायाटोनचे वेगळे आणि हार्मनीच्या गिटारींतले डीआर्मंडचे अमेरिकी पिकअप आणखी वेगळे. पिकअपच्या कडेला जुन्या चौकटीची फिकट न झालेली सावली दिसते का, स्क्रूची बुजवलेली भोकं आहेत का, लाकडात छिन्नीने वाढवलेली जागा आहे का, हे पाहा. कारखान्यातल्या यंत्राची कड गुळगुळीत असते, छिन्नीची नसते.

मल्टिमीटर लावा, पण त्यालाच न्यायाधीश करू नका. जॅकमधून व्हॉल्यूम पूर्ण उघडून मोजलंत तर ७ किलोओहमचा पिकअप ५०० किलोच्या पॉटसह ६.९ दाखवेल; तो दोष नाही. गिटारीत सारखे दिसणारे दोन पिकअप असतील आणि आकड्यांत मोठं अंतर पडलं, तर एकाची गुंडाळी नव्याने केलेली असू शकते, किंवा आत शॉर्ट असू शकतो. पिकअपच्या वायरी सोडवून थेट मोजलं आणि मीटरने काहीच दाखवलं नाही, तर गुंडाळीची तार तुटली आहे. तरीही पिकअप मूळचा असू शकतो. तो फेकू नका, पुन्हा गुंडाळून मिळतो.

आपल्याकडच्या गिटारींसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. आयातीवर कडक बंधनं होती त्या काळात मूळ सुटे भाग मिळतच नसत. मुंबईत दुरुस्ती करणारा लॅमिंग्टन रोडवर रेडिओचा जो पॉट मिळेल तो लावायचा, आणि बॅण्ड शनिवारी वाजवायचा. चोर बाजारात किंवा गोव्यातल्या एखाद्या घरात मिळालेल्या गिटारीत असा पॉट दिसला तर नाक मुरडू नका. ती फसवणूक नाही, गिटार वापरात होती याची खूण आहे. भाव ठरवताना त्याचे पैसे वजा करा, पण पॉट चालत असेल तर काढू नका.

खुंट्या, ब्रिज, व्हायब्रेटोची दांडी: भोकांच्या खुणा जुळल्या तर ठीक, नाही तर बदललेल्या. नट आणि फ्रेट झिजणारच, ते बदलले म्हणून गिटारीची किंमत धुळीला मिळत नाही. रंग मात्र पुन्हा दिलेला असेल तर मोठी घट धरा. पिकअपच्या खळग्यात आणि नेकच्या खाचेत बाहेरच्याच रंगाचा जाड थर आणि ब्रशच्या रेघा दिसल्या तर शंका घ्यायला जागा उरत नाही.

परत जोडताना तुम्ही जे काढलं असेल, म्हणजे फुटलेली नॉब, गंजका स्प्रिंग, मेलेला पॉट, ते सगळं एका पिशवीत घालून गिटारीच्या केसमध्येच ठेवा. सोबत चिठ्ठी ठेवा: कोणता भाग, कुठून काढला, कधी.